सहा इंचांचा वारा

भिवंडीला थंडी पडते असं सांगितलं की बाहेरचे लोक हसतात. त्यांच्या डोक्यातली भिवंडी म्हणजे गोदामं, ट्रकच्या रांगा, खड्डे आणि घाम. माझी पुण्याची एक मैत्रीण तर म्हणते, "१६ अंशाला तुम्ही थंडी म्हणता? आमच्याकडे त्याला सुखद हवामान म्हणतात." तिचं खरं असेल. पण १६ अंश कोणाच्या अंगाला लागतात त्यावरही बरंच ठरतं. पंचविशीतल्या, धडधाकट फुप्फुसांच्या मुलीला लागले तर सुखद. अडतीस वर्षं लूमवर काढलेल्या सदुसष्ट वर्षांच्या माणसाला, पहाटे साडेपाचला, ओल्या अंगावर लागले तर ती वेगळी गोष्ट आहे.

आमच्या निजामपुऱ्यातल्या घरात थंडी एका ठरावीक जागेतून येते. बाथरूमच्या भिंतीत, छतापासून हातभर खाली, एक्झॉस्ट फॅनसाठी पाडलेलं सहा इंचांचं गोल भोक आहे. खिडकी नाही. चार मजली इमारत, दोन्ही बाजूंना तशाच इमारती, मधे हात लांब केला तर समोरच्याच्या ग्रिलला लागेल एवढी गल्ली. फक्त बाथरूमची ही एक भिंत उघड्यावर आहे आणि ती नेमकी पूर्वेला.

पूर्वेला आहे हे महत्त्वाचं का, तर शाळेत भूगोलात आपण एक शब्द पाठ केला होता: मतलई वारे. दिवसा समुद्राकडून जमिनीकडे येतात ते खारे वारे, रात्री जमिनीकडून समुद्राकडे जातात ते मतलई. परीक्षेनंतर हा शब्द आयुष्यात पुन्हा कधी भेटेल असं वाटलं नव्हतं. पण कोकणपट्टीत डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे वारा साधारण पूर्वेकडूनच वाहतो, आतल्या थंड झालेल्या जमिनीवरून समुद्राकडे. आमची पूर्वेची भिंत त्याच्या वाटेत. मतलई वारा आमच्याकडे दारावर टकटक न करता थेट बाथरूममध्ये येतो.

फॅन चालू असताना हवा बाहेर जाते, हे सगळ्यांना कळतं. बंद असताना काय होतं याचा विचार कोणी करत नाही. बंद फॅन म्हणजे भिंतीतलं एक भोक, ज्याच्यात तीन-चार पाती उगाच उभी आहेत. बाहेरून वारा आला की तो त्या पात्यांना हळूहळू फिरवत आत येतो. वीज नसताना फिरणारा फॅन पाहिला असेल तुम्ही. तो फिरत असतो कारण वारा त्याला उलटा हाकत असतो. थंड हवा गरम हवेपेक्षा जड. त्यामुळे ती आत आल्यावर वर राहत नाही, भिंतीवरून घसरत खाली येते आणि खाली स्टुलावर बसून अंघोळ करणाऱ्याच्या मानेवर आणि पाठीवर पडते. अब्बा म्हणायचे, "कोणीतरी मागून थंड हात ठेवतं." आम्हाला वाटायचं ते वाढवून सांगतात. मग मी स्वतः एकदा पहाटे त्या स्टुलावर बसून पाहिलं. हात होता.

मी अकरावी-बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवते. मुलांना सुप्त उष्णता समजावताना घामाचं नाही तर माठाचं उदाहरण देतात. मी आता अंघोळीचं देते. एक ग्रॅम पाणी अंगावरून वाळायला साधारण २,४०० जूल उष्णता लागते. अंघोळ झाल्यावर अंगावर आणि केसांत मिळून समजा ५० ग्रॅम पाणी राहिलं, जेमतेम चार चमचे, तर ते वाळायला लागणारी उष्णता एक लिटर पाणी २८ अंशांनी तापवायला पुरेल. ती सगळी अंगातून जात नाही, पण बरीच जाते. आणि हवा हलत असली की पाणी भराभर वाळतं, म्हणजे ही उष्णता काही मिनिटांतच जाते. म्हणून दार बंद असलेल्या खोलीतले १६ अंश आणि झोत येत असलेल्या खोलीतले १६ अंश, थर्मामीटरला सारखे दिसले तरी अंगाला सारखे नसतात.

अब्बांच्या बाबतीत गारठा अंगावर थांबत नाही, छातीत जातो. थंड कोरडी हवा आत गेली की श्वासनळ्या आकसतात. निरोगी माणसाला ते कळतही नाही. ज्याच्या नळ्या आधीच अरुंद झाल्या आहेत त्याला कळतं. आधी खोकला, मग शिट्टीसारखा आवाज, मग इनहेलर, मग पलंगाच्या कडेला दोन्ही हात टेकून बसणं. फजरची अजान होत असते आणि माणूस श्वास शोधत असतो.

आता अब्बांच्या छातीबद्दल.

अब्बा सतराव्या वर्षी लूमवर लागले. आधी विणकर, मग मुकादम. भिवंडीबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, पॉवरलूमचा कारखाना म्हणजे सिनेमात दिसते तशी मोठी मिल असेलच असं नाही. पत्र्याचं छप्पर, दाटीने लावलेले माग, मधून एक माणूस आडवा होऊन जाईल एवढी जागा, आणि बोलायचं तर कानाला तोंड लावून. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या ७ लाख ९ हजारांवर होती, आणि त्यातल्या कितीतरी घरांची चूल याच खटखटीवर पेटत आली आहे. शहराच्या महापालिकेच्या नावातही आमचा मोहल्ला आहे, भिवंडी-निजामपूर. नावात असल्याचा फायदा काय, ते मला अजून कळलेलं नाही.

त्या कारखान्यांमध्ये खिडक्या बंद ठेवतात. मला लहानपणी वाटायचं मालक दुष्ट आहे म्हणून. कारण वेगळं आहे. सुती धाग्यात ओल असली की तो मजबूत राहतो, कोरडा पडला की तुटतो. विणकामाच्या जागी हवा दमट लागते. खिडकी उघडली की दमटपणा जातो, वारा ताण्यावरून फिरतो, धागे तुटतात. धागा तुटला की माग थांबतो. माग थांबला की मीटर थांबतो, आणि मजुरी मीटरवर असते. त्यामुळे खिडकी बंद ठेवायला मालकाची गरज पडत नाही, विणकर स्वतःच ती बंद ठेवतो. अब्बांनीही ठेवली. अडतीस वर्षं.

बंद खोलीत कापसाची बारीक धूळ जायची कुठे? ती छपराच्या पत्र्याला लागते, ट्यूबलाइटवर बसते, भुवयांवर बसते. उरलेली श्वासातून आत जाते. या आजाराला बिसिनोसिस म्हणतात. त्याचं जुनं लक्षण असं की आठवड्याच्या सुट्टीनंतर कामावर परतलं की पहिल्या दिवशी छाती सगळ्यात जास्त आवळते. इंग्लंडच्या लँकेशायरमधल्या सूतगिरण्यांत तो दिवस सोमवार असायचा, म्हणून तिकडे याला सोमवारचा ताप म्हणायचे. अब्बांच्या कारखान्याला सुट्टी शुक्रवारी. आमच्या घरात शनिवार वाईट असायचा. शनिवारी अब्बांशी कोणी जास्त बोलायचं नाही एवढंच आम्हाला माहीत होतं. त्यामागे एवढा इतिहास आहे हे मला बी.एस्सी. झाल्यावर कळलं.

आणखी एक गोष्ट कळली. बिसिनोसिस हे नाव १८७७ साली आद्रियाँ प्रुस्त नावाच्या फ्रेंच डॉक्टरने वापरात आणलं. सार्वजनिक आरोग्यात मोठं काम केलेला माणूस. आज मात्र तो ओळखला जातो त्याच्या मुलामुळे, कादंबरीकार मार्सेल प्रुस्तमुळे. आणि या मुलाला लहानपणापासून दमा होता. १९१० मध्ये त्याने पॅरिसमधल्या आपल्या झोपायच्या खोलीच्या भिंतींना बुचाच्या लाकडाचं अस्तर लावून घेतलं आणि खिडक्या बंद करून, पडदे ओढून तो आत लिहीत बसला. बापाने कामगारांच्या श्वासाला नाव दिलं, मुलाने स्वतःच्या श्वासासाठी बाहेरची हवा बंद केली. हे मी अब्बांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "त्याच्या बाथरूमला फॅन नसेल."

आपल्याकडे बिसिनोसिस कागदावर आहे. १९४८ च्या कारखाना कायद्यात तो कळवणं बंधनकारक असलेल्या आजारांच्या यादीत होता, नुकसानभरपाईच्या कायद्यातही व्यवसायजन्य आजार म्हणून आहे. पण छोटे लूमखाने बहुतेक वेळा कायद्याच्या व्याख्येतला 'कारखाना' ठरतच नाहीत. अब्बांच्या फायलीत डॉक्टरांनी लिहिलेलं आहे 'दमा'. त्यावर औषध मिळतं. भरपाई मिळत नाही.

तर हे सगळं मागे असताना मागच्या हिवाळ्यात आमच्या घरात त्या सहा इंचांवरून भांडण झालं.

अम्मीचं म्हणणं सरळ होतं. भोक बंद करा. तिने जुन्या चादरीचा गोळा बनवला, प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि स्टुलावर चढून फॅनच्या जाळीत कोंबायला निघाली. निजामपुऱ्यात अर्ध्या बाथरूममध्ये असे गोळे सापडतील. कुठे पोतं, कुठे थर्माकोल, कुठे निवडणुकीतला पुठ्ठा. स्वस्त आणि पक्का उपाय. मी तिला खाली उतरवलं, कारण त्याच बाथरूममध्ये, दाराच्या वर, गॅस गीझर होता. घर घेतलं तेव्हापासून, आधीच्या मालकाने बसवलेला.

गॅस गीझरमध्ये ज्योत जळते आणि ज्योतीला हवा लागते. मी हिशेब केला. आमचं बाथरूम पाच बाय सहा फूट, उंची आठ फूट. म्हणजे २४० घनफूट, साधारण ६.८ घनमीटर हवा. सहा लिटरचा गॅस गीझर दहा मिनिटं चालला तर त्याच्या ज्योतीला ढोबळमानाने दोन घनमीटर हवा लागते. म्हणजे एका अंघोळीत खोलीतल्या हवेचा जवळजवळ तिसरा हिस्सा ज्योतीने वापरला, आणि बदल्यात वाफ, कार्बन डायऑक्साइड सोडला. प्राणवायू कमी पडायला लागला की ज्योत अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो. माणसाला गळून गेल्यासारखं वाटतं, चक्कर येते, आणि कडी आतून लावलेली असते. दर हिवाळ्यात मुंबई-पुण्याच्या पेपरांत अशी बातमी येते. धडधाकट, तरुण माणसं असतात त्यांत.

"म्हणजे थंडीने खोकू दे त्यांना?" अम्मी म्हणाली. "तुझ्या हिशेबात त्यांचा खोकला कुठे आहे?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि तिचा प्रश्न बरोबर होता. भोक उघडं ठेवा म्हणणाऱ्याने रात्रभर त्यांच्याशेजारी बसलं पाहिजे. ती बसत होती.

अब्बा या भांडणात काही बोलले नाहीत. पण ते काय करायला लागले होते ते सांगायला हवं, कारण माझ्यासाठी गोष्ट तिथे आहे. त्यांनी पहाटे बाथरूममध्ये जाणं सोडलं होतं. वुजू करायला ते पलंगाच्या कडेला बसायचे. अम्मी समोर तस्त धरायची आणि लोट्याने त्यांच्या हातांवर, मग पायांवर गरम पाणी घालायची. वाकून पाय धुणं त्यांना जमत नव्हतं. आजारी माणसाला बायकोने पाणी घालण्यात काही गैर नाही. पण हा माणूस पाण्याचा ग्लाससुद्धा कधी कोणाकडून मागून घेत नसे. कारखान्यातून आल्यावर स्वतः मडक्यातून पाणी घ्यायचा, अम्मीने आणून दिलं तर म्हणायचा, "मी काय पाहुणा आहे?" तस्त समोर आली की ते मान वळवून भिंतीकडे बघायचे. संपेपर्यंत.

मग आम्ही कामाचा क्रम लावला.

पहिलं, गीझर बाहेर. प्लंबर बोलावून तो स्वयंपाकघराबाहेरच्या उघड्या गॅलरीत हलवला, गरम पाण्याचा पाइप भिंतीतून बाथरूममध्ये आणला. यात काही हुशारी नव्हती. गॅस गीझर बाथरूमच्या आत असता कामा नये, फॅन असो वा नसो. हे वाचणाऱ्या कोणाच्या घरात तो आत असेल तर उरलेला लेख नंतर वाचा, आधी घरच्यांशी बोला. तो हलेपर्यंत भोकात काहीही कोंबू नका.

दुसरं, फॅनच्या मागची पानं. एक्झॉस्ट फॅनच्या बाहेरच्या बाजूला प्लास्टिकच्या आडव्या पट्ट्या असतात. फॅन सुरू झाला की हवेच्या जोराने उघडतात, बंद झाला की स्वतःच्या वजनाने पडतात. आपण त्यांना शोभेच्या समजतो. आमच्या पाचही पट्ट्या उघड्याच अडकल्या होत्या. खालच्या मजल्यावर लूम आहे, तिथला तंतू आणि गल्लीतली धूळ ओलसर हवेत मिसळून बिजागऱ्यांमध्ये घट्ट बसली होती. इलेक्ट्रिशियनने फॅन खोलून हातात दिला आणि म्हणाला, "दीदी, नया मत लो, साबुन से धो दो." कोमट पाणी, साबण, जुना टूथब्रश. पट्ट्या पडायला लागल्या. अर्धा वारा तिथेच थांबला.

तिसरं, उरलेला अर्धा. पट्ट्या हलक्या असतात. जोराचा वारा आला की फडफडतात आणि फटीतून झोत येतो. म्हणून बाहेरच्या तोंडाला पाइपचा एक तुकडा आणि त्याला खाली तोंड केलेला एल्बो लावला. आता वारा सरळ आत घुसू शकत नाही, त्याला खालून वर वळावं लागतं. पावसाचं पाणी आणि कबुतरंही थांबली. जाळी मुद्दाम लावली नाही. आमच्या गल्लीत बारीक जाळी महिन्याभरात तंतूंनी गच्च भरते.

चौथं, आतून झाकण. दोन अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांमध्ये सरकणारा अॅक्रिलिकचा चौकोन, दोरी ओढली की बंद. हे करता आलं ते फक्त गीझर बाहेर गेला म्हणून.

आणि पाचवं, वेळ. अंघोळीच्या आधी झाकण बंद. अंघोळ झाली, अंग पुसलं, माणूस बाहेर आला की झाकण उघडायचं आणि दहा मिनिटं फॅन लावायचा. आमच्या फॅनच्या डब्यावर ताशी २५० घनमीटर लिहिलेलं आहे. तेवढा तो प्रत्यक्षात ओढत नसेल, पण ओढला तर आमच्या ६.८ घनमीटरची हवा दीड-दोन मिनिटांत बदलेल. म्हणजे दहा मिनिटं भरपूर झाली. हे टाळून चालत नाही, कारण वाफ आत कोंडली की छतावर काळी बुरशी येते, आणि बुरशीही अब्बांच्या छातीला तितकीच वाईट. दाराखालची अर्ध्या इंचाची फट तशीच ठेवली आहे. बाहेर जाणाऱ्या हवेच्या जागी दुसरी हवा यायला वाट हवी, नाहीतर फॅन नुसता घरघरतो.

वारा आता कुठून येतो हे बघायला अगरबत्ती लावली. भोकासमोर धरली. धूर सरळ वर गेला. अम्मीने माझ्या हातातून अगरबत्ती घेतली, स्वतः धरून बघितली, कोपऱ्यांतही फिरवली. मग चादरीचा गोळा सोडवून तिने त्याची दोन पायपुसणी केली.

खोकला गेला का? नाही. अडतीस वर्षं आत गेलेली धूळ एल्बो लावून बाहेर येत नाही. इनहेलर उशाशी आहे, पावसाळ्यातही लागतं. पण या डिसेंबरपासून अब्बा फजरला उठून स्वतः बाथरूममध्ये जातात. आत एक उंच स्टूल आहे, भिंतीला एक दांडा आहे. नळ सुरू झाल्याचा आवाज येतो, मग दोरी ओढल्याचा. अम्मी जागी असते, पण उठत नाही. तस्त माळ्यावर गेली आहे.

पट्ट्या महिन्यातून एकदा, शुक्रवारी, धुवायच्या असतात. ते काम अब्बांनी स्वतःकडे घेतलं आहे. मागच्या वेळी बिजागरीत अडकलेला तंतूंचा करडा बोळा त्यांनी चिमटीने काढला, पाण्यात टाकायच्या ऐवजी उन्हात वाळवला आणि मग काडी लावली. मी विचारलं हे काय. ते म्हणाले, बघ. कापूस असता तर कागदासारखा जळाला असता आणि हाताला भुरकी राख लागली असती. हा बोळा आकसला, वितळला आणि शेवटी एक काळा, टणक मणी राहिला.

"पॉलिस्टर," अब्बा म्हणाले. मणी त्यांनी गॅलरीच्या कठड्यावर ठेवला. "खाली आता हेच विणतात."